खांद्यातली फट

रविवार, रात्री

आज सदरा घालताना यांना कमी दुखलं. घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलेला क्रम आता अंगवळणी पडलाय.

खांद्याची वाटी मुळातच उथळ. तिच्यात दंडाचं हाड टिकतं ते बरंचसं स्नायूंच्या जोरावर. पक्षाघाताने मेंदूचा हुकूम पोचेनासा होतो, स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनानेच हाड खाली ओघळतं. यांच्या खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी फट आहे. म्हणून खुर्चीत बसले की हाताखाली उशी.

पंचवटीतून भेटायला येणारी मंडळी प्रेमाने नेमका तोच हात धरून यांना उठवू पाहतात. मी मध्ये पडते. उद्धट दिसत असेन, दिसू दे.

दुपारी नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, दाराला कप्पी टांगा, दोरीने हात वर ओढू द्या." अमेरिकेतल्या १९९० च्या एका छोट्या अभ्यासात कप्पी वापरणाऱ्या ६२ टक्के रुग्णांचा खांदा दुखू लागला, थेरपिस्टच्या हातून व्यायाम झालेल्यांत ८ टक्के. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालयांचं विद्यापीठ इथे म्हसरुळला, पण आमच्या गल्लीत सल्ला कप्पीचाच!

बोटं अजून हलत नाहीत. खांदा मात्र सांगितल्यावर किंचित उचलतात.

गळ्यातली झोळी फक्त चालताना. दिवसभर ठेवली तर हात आखडतो, हे उद्या यांना सांभाळणाऱ्या मावशींना पुन्हा सांगायला हवं.