पाचव्या दिवसाची तपासणी



लेक पहिल्या बाळंतपणाला सांगलीला माझ्याकडे आली. सासर साताऱ्याचं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडताना बालरोगतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, पाचव्या दिवशी बाळ दाखवायला आणा. वन्सं तेव्हा घरातच होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, सूतक फिटायच्या आत पोर उंबऱ्याबाहेर काढायचं? दहा दिवस होऊ देत की."

सूतक मी पाळते. दहा दिवस देवपूजा नाही, मुनींना आहार नाही, जिनवाणीला हात नाही. पण ते देवाधर्मापुरतं. दवाखान्याला सूतक लागत नाही, असं मी वन्संना सांगितलं आणि रिक्षा बोलावली. सांगायला सोपं वाटतं, पण घरातल्या थोरल्या माणसाला दुखवून निघताना पाय जड होतातच.

चौथ्या दिवसापासून बाळाचा चेहरा पिवळट दिसत होता. कुणी म्हणालं, कोवळं ऊन दाखवा. बाईंनी बाळाला उघडं करून उजेडात पाहिलं, तर पिवळेपणा पोटापर्यंत उतरला होता. रक्त तपासलं, बिलिरुबिन १६ आलं. लेकीचे डोळे भरले. बाई शांतपणे म्हणाल्या, "पूर्ण दिवसांचं बाळ आहे, चांगलं पितंय. आज निळ्या दिव्याखाली ठेवायची गरज नाही, पण उद्या पुन्हा तपासायचं. उन्हाच्या भरवशावर राहू नका." ती रात्र आम्ही दोघींनी णमोकार म्हणत आणि दर दोन-अडीच तासांनी बाळाला उठवून पाजत काढली. दुसऱ्या दिवशी १४ आलं, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

अशी कावीळ बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पण पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडून पीत नसेल किंवा शी पांढरट होत असेल, तर तासभरही थांबू नये. दहा दिवसांची वाट तर नाहीच नाही.

वजनाचं मी वहीत मांडून ठेवलंय (बी. कॉम.ची खोड!). जन्मतः २ किलो ९०० ग्रॅम, पाचव्या दिवशी २ किलो ६८०. म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास घट. लेक म्हणाली, "आई, माझं दूध पुरत नाही." बाई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर काळजी. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात ना, मग दूध पुरतंय. चौदाव्या दिवशी काटा २ किलो ९६० वर गेला.

मग प्रश्न सुरू झाले. काजळ घालता? कानात तेल? गुटी? वरचं पाणी? वन्सं काजळाची डबी तयारच ठेवून होत्या, ती तशीच राहिली. पाणी गाळलेलं, उकळलेलं असलं तरी सहा महिने नाही, फक्त आईचं दूध. "आणि मध चाटवलात?" या प्रश्नावर मला हसू आलं. मद्य, मांस, मधु हे तीन मकार आपल्याकडे आधीच वर्ज्य. बाई म्हणाल्या, बरंच झालं, मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

बाळंतिणीच्या खाण्याचंही विचारलं. आमच्यात लसूण नाही. शेपू, मेथीदाणे, अळीव, ओवा-बडीशेप चालू होतं, त्याला त्यांनी मान डोलावली. एरवी घरात अनथऊ चुकत नाही, पण बाळंतिणीला रात्री दुधाची मोकळीक मी दिली. रात्रभर पाजणाऱ्या जिवाला उपाशी ठेवणं मला धर्म वाटत नाही.

सहाव्या आठवड्याच्या लसी सांगलीतच दिल्या. पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोनियाची आणि पंचगुणी, जिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात सगळं येतं. एक रात्र अंग कोमट होतं. डाव्या दंडावर जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीची पुळी आली होती, तिला काही लावायचं नाही असं आधीच सांगितलेलं. पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात नेलं. कानात णमोकार वन्संनीच सांगितला.

आता पुढच्या दोन लसी, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या, साताऱ्यात. माता-बाल संरक्षण कार्ड कुठेही चालतं. विहीणबाईंनी त्याचा फोटो मागवून घेतला आणि दिनदर्शिकेवर अष्टमी-चतुर्दशीच्या खुणांशेजारी लसीच्या तारखाही लिहिल्या.