दिव्यांची भाषा

ट्रॉम्बे येथील आमच्या गच्चीवरून रात्रीं उत्तरेकडे पाहिलें म्हणजे एक मौजेचा देखावा दिसतो. पूर्वेच्या खाडीवरून एकामागून एक दिवे येतात, हळूहळू खालीं उतरतात आणि घरांच्या रांगेआड नाहींसे होतात. मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे ते दिवे होत. सातव्या इयत्तेंत असतांना आम्ही जत्रेंतून हिरवा लेझर दिवा विकत आणला आणि एके रात्रीं त्याचा झोत त्या विमानांवर टाकूं लागलों. आपला उजेड आकाशापर्यंत पोंचतो, याचा आम्हांस केवढा अभिमान वाटला!

शेजारचे एक वृद्ध तांडेल खालून हें पाहत होते. ते म्हणाले, "पोरा, रात्रीं खाडींत नाव आणणाऱ्याच्या डोळ्यांवर कोणी बत्ती मारली, तर त्याला वाट कशी दिसायची?" आम्ही निरुत्तर झालों. त्या प्रश्नामुळेंच पुढें आम्ही या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों.

उतरणाऱ्या वैमानिकाशीं जमीन दिव्यांच्या भाषेंत बोलते. धावपट्टीच्या आरंभीं हिरवे दिवे, दोन्ही कडांस पांढरे आणि शेवटास तांबडे. पट्टीकडे नेणाऱ्या वाटांच्या कडेला निळे. पट्टीवर रंगविलेला अंक होकायंत्राची दिशा सांगतो. आपल्या मुख्य पट्टीच्या एका टोंकास ०९, म्हणजे ९० अंश, व दुसऱ्या टोंकास २७ हा अंक आहे. १९४४ सालच्या शिकागो करारांतून निघालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें विमानतळांविषयींचे नियम १९५१ सालीं प्रथम स्वीकारले. म्हणून मुंबईस काय किंवा लंडनास काय, ही भाषा एकच आहे.

या भाषेंतील सर्वांत सुंदर वाक्य चार दिव्यांचें आहे. हे दिवे पट्टीच्या बाजूस एका ओळींत असतात. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले, तर उतार बरोबर, बहुधा तीन अंशांचा. चारही पांढरे, तर विमान फार उंच. चारही तांबडे, तर फार खालीं! तीन अंशांच्या उतारावर, उतरण्याच्या जागेपासून एक किलोमीटर दूर असतां विमान अवघें ५२ मीटर उंच असतें. अशा वेळीं क्षणभर डोळे दिपले तर काय होईल, हें वाचकांनींच ताडावें. शिवाय दुसऱ्या धावपट्टीच्या ३२ या टोंकापासून सुमारें आठ किलोमीटरांवर आमचा ट्रॉम्ब्याचा डोंगर उभा आहे. ज्याच्या पायथ्याशीं आम्ही खेळलों, तो वैमानिकाच्या दृष्टीनें एक अडथळाच होय.

खुणा ओळखण्यांत चूक झाली तर काय होतें, हें आपल्या शहरानें दोनदां पाहिलें आहे. समुद्राकडून येणाऱ्यास जुहूची आंखूड पट्टी आधीं लागते आणि तिची दिशाही मोठ्या पट्टीसारखीच आहे. १९५३ सालीं एक कॉमेट विमान चुकून जुहूस उतरलें. १९७२ च्या सप्टेंबरांत जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानानें तीच चूक केली. तें पट्टी ओलांडून पुढें गेलें व मोडलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. हे वैमानिक अननुभवी होते असें नव्हे. एका खुणेच्या जागीं त्यांनीं दुसरी धरली, इतकेंच.

आमचा हिरवा झोत त्या भाषेंतला एक निरर्थक शब्द होता. विमानाच्या कांचेवर पडतांच असा झोत पसरतो आणि वैमानिकास समोरचे दिवेच दिसेनासे होतात. म्हणूनच मुंबई पोलिसांनीं विमानतळाच्या परिसरांत अशा झोतांस मनाई करणारे हुकूम वेळोवेळीं काढले आहेत. आम्हांस मात्र हुकुमाआधीं तांडेलांच्या प्रश्नानें जागें केलें.

तो दिवा आम्ही त्यांच्याच हातीं दिला. आजही गच्चीवर गेलों म्हणजे आम्ही ते उतरणारे दिवे मोजतों. प्रत्येकाच्या मागें घरीं परतणारीं माणसें आहेत, हें आतां आम्हांस ठाऊक आहे. बालमित्रहो, तुमच्या हातीं असा दिवा आला, तर तांडेलांचा प्रश्न एकदां स्वतःला विचारा.