पेहराव, आडनाव आणि स्वत्व

स्वत्वाने जगणे म्हणजे मुळात जसे आहोत तसे राहणे, असे साधारणपणे मानले जाते. ज्यांची ओळख इतरांनीच ठरवून दिली, त्यांच्या बाबतीत ही व्याख्या अपुरी पडते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. पण अस्पृश्यांना त्याचा वापर सुरू करता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडला भरलेल्या परिषदेला आलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये महाडलाच दुसरी परिषद भरली. तेव्हा आंबेडकरांनी स्त्रियांना जात ओळखू येईल असा पेहराव आणि दागिने सोडण्यास सांगितले. वरवर पाहता हे उच्चवर्णीयांचे अनुकरण वाटते. मात्र जुना पेहराव त्या स्त्रियांनी निवडलेला नव्हता. नवा त्यांनी निवडला.

प्रस्तुत लेखकाची पणजी पोलादपूरकडच्या गावातून त्या परिषदेला गेली होती. घोट्यापर्यंत लुगडे नेसून ती परतली, तेव्हा गावात टिंगल झाली. “अंग झाकाया कुणाला इचारू?” हे तिचे उत्तर घरात आजही सांगतात. पुढे लेखकाच्या वडिलांनी मुंबईत गावावरून आडनाव घेतले. भाड्याची खोली त्यामुळे मिळाली; पण गावाकडचे पाहुणे आले की घरात हळू आवाजात बोलणे सुरू होई. लेखक त्याच आडनावाने वाढला आणि आता जात विचारली की सांगतो.

दोघांनीही खूण बदलली. पणजीचा बदल चारचौघांत, ओळखीच्या माणसांसमोर होता. वडिलांचा बदल ओळख टळावी म्हणून होता. दोष मात्र जात विचारून खोली नाकारणाऱ्यांकडे जातो.

मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा ‘अस्तित्व आणि काळ’ हा ग्रंथही १९२७ चाच. त्यात माणूस ‘लोक म्हणतात तसे’ जगणे सोडतो, तो स्वतःच्या मृत्यूची जाणीव ठेवून, एकट्याने. महाडला माणसे समूहाने स्वतःची झाली. तळ्यावरचा त्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये मान्य केला. स्वत्वासाठी व्यक्तीचा निश्चय लागतो. खरे सांगितल्याची शिक्षा होणार नाही, असा समाजही लागतो.