माडीची चव

मराठी साहित्यात मद्य भरपूर आहे, पण त्याला चव नाही. हे विधान धाडसी वाटण्याचा संभव आहे, म्हणून सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेते. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराचा ऱ्हास, सिंधूची वाताहत, तळीरामाचे तर्कट आणि आर्यमदिरामंडळाचा गलबला, सारे आपल्याला आठवते. त्या प्याल्यातले द्रव्य जिभेला कसे लागत होते, हे मात्र आठवत नाही. अर्थात नाटकाला त्याची गरजही नव्हती. दुसरी वाट माधव जूलियनांची. त्यांनी उमर खय्याम मराठीत आणला, १९३१ साली 'द्राक्षकन्या' प्रसिद्ध झाली, आणि साकी, सुरई, मैफल असा एक परका पण हवाहवासा सरंजाम आपल्या कवितेला परिचयाचा झाला. तिथली मदिरा प्रतीक म्हणूनच अवतरते. एकीकडे अधःपात आणि दुसरीकडे धुंदी. या दोहोंच्या मधली जागा, जिथे माणूस एक घोट घेऊन 'आंबूस आहे जरा' एवढेच म्हणतो, ती बव्हंशी रिकामीच राहिली आहे.

हा विचार मनात आला तो एका बिअरमुळे. आमच्या विभागाचा एक माजी विद्यार्थी सध्या बेल्जियममध्ये असतो. सुट्टीत येताना त्याने वेस्टव्लेटेरेन येथील संत सिक्स्टस मठात तयार होणाऱ्या बिअरची एक बाटली आणली. तिथले साधू मठाच्या निर्वाहापुरतीच बिअर करतात आणि मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवत नाहीत. पूर्वी ठरावीक वेळी दूरध्वनी करून नंबर लावावा लागे. २०१९पासून मागणी संकेतस्थळावर नोंदवता येते. घेतलेली बाटली नफ्याने विकायची नाही, अशी अट असते. बिअर गडद, दाट आणि दहा टक्क्यांहून अधिक मद्यार्काची होती. विद्यार्थी एकेक घोट घेऊन तिच्यातल्या चवी सांगत होता: सुके आलुबुखार, जळकी साखर, किंचित लवंग. ऐकताना कौतुक वाटले, आणि थोडा मत्सरही. त्याची ही सारी शब्दसंपत्ती इंग्रजीतून आलेली होती. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरी हा शब्द आपल्या ओळखीचा झाला खरा, पण तिथेही चवीचे वर्णन इंग्रजीतूनच वाचायला मिळते.

"मॅडम, आपल्याकडे इतकं दुर्मीळ काय आहे?" त्याने विचारले. मी म्हटले, "चांगली माडी."

दोन दिवसांनी आम्ही आगरदांड्याला गेलो. मुरूडच्या दक्षिणेस, राजपुरी खाडीच्या काठावरचे हे गाव. समोरच्या तीरावर दिघी, आणि दोहोंमध्ये फेरीबोट. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मिठाच्या वाफ्यांनाही आगरच म्हणतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. उंच जातीच्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे तरी लागतात, त्यामुळे ती तूट अजूनही पुरती भरलेली नाही. ज्या माडाची माडी काढतात त्याला त्या काळात नारळ लागत नाहीत. तेव्हा वादळातून वाचलेला माड माडीसाठी द्यायला बागायतदार सहसा राजी नसतो.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते काका सत्तरीच्या घरातले. पिढ्यान्‌पिढ्या भंडारी समाजाने सांभाळलेले हे काम त्यांच्यापाशी वडिलांकडून आले. मुलगा पलीकडे दिघीला नोकरी करतो आणि माडावर चढत नाही. न उमललेली पोय बांधून घ्यायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोकाचा पातळ काप काढायचा आणि खाली मडके लावायचे. हे दिवसातून दोनतीनदा. एक दिवस चुकला की पोय सुकू लागते. इतक्या कष्टांनंतर एका माडापासून दिवसाला लिटर-दोन लिटर रस मिळतो. मठातल्या साधूंनी बिअर कमी ठेवली ती व्रत म्हणून. इथे ती माडानेच ठरवलेली आहे.

शिवाय ती टिकत नाही. मडक्यात पडल्या क्षणापासून हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागते. काही तासांत मद्यार्क साध्या बिअरइतका, चार-पाच टक्क्यांवर जातो आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याकडे वाटचाल सुरू होते. ब्रुसेल्सच्या परिसरातली लँबिक बिअर अशाच रानटी यीस्टवर आंबते, पण ती पिंपात वर्षानुवर्षे मुरते. माडीला मुरणे ठाऊक नाही. गोव्यात तिला सूर म्हणतात आणि तिच्यावर सान्ना फुगवतात.

कायद्याने मात्र तिच्याकडे बारकाईने पाहिले आहे. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढणे परवान्याखाली आणले. १९४९च्या दारूबंदी कायद्याने, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, नीरा आणि ताडी यांच्या स्वतंत्र व्याख्या केल्या: आंबू नये अशी तजवीज केलेल्या भांड्यात धरलेला न आंबलेला रस ती नीरा. कोणता रस कधी काय होतो याचा इतका विचार आपल्या एकाही कथाकाराने केल्याचे मला स्मरत नाही.

काकांनी स्टीलच्या पेल्यात सकाळची माडी दिली. रंग तांदळाच्या धुवणासारखा. पहिल्या घोटाला शहाळ्याच्या पाण्याची आठवण, पण त्याहून दाट. मग जिभेवर बारीक फसफस, आंबोळीच्या पिठाचा वास, आणि शेवटी कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा. विद्यार्थी इंग्रजी शब्द शोधत थांबला होता. मला मात्र जाणवले की आपली भाषा इथे मुळीच दरिद्री नाही. गोड, गोडसर, गुळचट, गोडमिट्ट. आंबट, आंबूस, आंबटसर, आंबटढाण: एकेका चवीच्या किती पायऱ्या! स्वयंपाकघरात त्या रोज वापरल्या जातात, पण पेल्यापर्यंत कुणी नेल्या नाहीत.

काकांनी नेल्या होत्या. दुपारचा पेला मागितला तेव्हा ते म्हणाले, "बाई, ही अजून पोर हाय. दुपारची उठलेली असती, ती तुम्हाला झेपायची नाय. सांजंला तर पार म्हातारी, नाकात चढती." पोर, उठलेली, म्हातारी. पुढे ओघात आणखीही शब्द आले: 'मऊ' माडी, 'फुटलेली' माडी, आणि पावसाळ्यातली, जिला ते नुसतेच 'पाणी' म्हणाले. फुटलेली म्हणजे नेमकी कशी हे त्यांना सांगता येईना. त्यांनी मडके नाकाशी धरले. उकडलेल्या अंड्यासारखा अगदी पुसट वास होता.

हे शब्द मला कुठल्याही कोशात शोधायचे नव्हते, लगेच लिहून घ्यायचे होते. यंदा काका दोनच माडांवर चढतात. गुडघे साथ देत नाहीत असे त्यांच्या पत्नी सांगत होत्या, ते स्वतः बोलले नाहीत. डिसेंबरात एम.ए.च्या चार विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा जायचे ठरवले आहे. माडी कुणाला प्यायची असेल-नसेल तो त्याचा प्रश्न, वही मात्र प्रत्येकाने आणायची आहे. काकांची अट एकच आहे: सातच्या आत यायचे.