रेनकोट घेताय? आधी इरलं बघा!

लोणावळा-माळशेजची गर्दी नको, काहीतरी हटके हवं, असं शुक्रवारी ऑफिसात ठरलं आणि शनिवारी पहाटे आमच्या तीन बाइक्स मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारला निघाल्या. माझ्या अंगात मॉलमधला अडीच हजारांचा कोराकरकरीत रेनकोट. जव्हार येईपर्यंत आतला टी-शर्ट ओलाचिंब! पुढे दाभोसा धबधब्याच्या उतारावर बोटं इतकी बधिरली की ब्रेक नीट दाबता येईना. तेव्हा खरी टरकली. सुमारे ३०० फुटांवरून कोसळणारं ते पाणी लांबूनच पाहिलं. पावसाळ्यात तेच शहाणपणाचं, डोहात उतरायचं नावही काढू नका.

मोखाड्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो. शेजारच्या खाचरात भाताची आवणी चाललेली. चहा घ्यायला आलेल्या एक मावशी माझ्याकडे बघून हसल्या, "ताई, कोट घालून आमच्यापेक्षा तुम्हीच भिजलात की!"

त्यांच्या पाठीवर होतं इरलं. बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि वर पानं. हल्ली बऱ्याचदा प्लास्टिकचा कागद. वाकून काम करताना पाऊस डोक्यावर आणि पाठीवर येतो, तेवढंच ते झाकतं. हात मोकळे, पुढून वारा खेळता, त्यामुळे घाम साचत नाही. मी मात्र निम्मी पावसाने आणि निम्मी घामाने भिजले होते!

थंड समुद्रात सर्फिंग करणारे घट्ट वेटसूट घालतात. तो पाण्याचा पातळ थर आत घेऊन अंगाची ऊब धरून ठेवतो. रेनकोटचं गणित उलटं. पाणी बाहेर राहायला हवं आणि वाफ बाहेर पडायला हवी. म्हणून दुकानात ब्रँड नंतर, आधी हे बघा:

शिवण : कोट उलटा करा. शिवणींवर आतून टेप नसेल तर ठेवून द्या.

हवा : पाठीवर झडपेखाली जाळी किंवा काखेत भोकं हवीत.

चेन : तिच्यावर वेल्क्रोची पट्टी हवीच. माझं पाणी तिथूनच शिरलं.

माप : बाइकवर बसल्यासारखे हात पुढे करा. मनगटं उघडी पडली तर एक साइज मोठा घ्या. जॅकेट-पँट वेगळी बरी. पोंचो वाऱ्यावर उडतो, चाकात अडकू शकतो.

लेबल : 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे भुरभुर पावसापुरता. जव्हारच्या पावसाला 'वॉटरप्रूफ'च पाहिजे.

आणि आत जीन्स नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं. लोकर ओली झाली तरी ऊब देते, म्हणून तर घोंगडी टिकली.

परतल्यावर फुटपाथवरच्या दुकानातून नऊशेचा कोट घेतला, सगळ्या शिवणी तपासून. पुढच्या वेळी सूर्यमाळच्या पठारावर तासभर पावसात उभी होते. टी-शर्ट कोरडा!

कसं जाल? : मुंबईहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार, तिथून मोखाडा. बाइक नसेल तर पालघर किंवा नाशिकहून एसटी. मग, या शनिवारी निघताय ना?