पेरू आणि खोकला

परवा दुपारी जेवण झाल्यावर मी पेरूच्या फोडी केल्या, त्यांना तिखटमीठ लावले आणि बशी नातीपुढे सरकवली. एरवी बशीवर झडप घालणारी ही मुलगी. पण त्या दिवशी तिने हात मागे घेतला.

"आजोबा, फार फळं खाल्ली की ती पोटात कुजतात आणि रक्तात विष होतं. मोबाइलवर आलंय," ती गंभीरपणे म्हणाली.

"कोणी लिहिलंय?"

"ते नाही ठाऊक. पण खाली 'सर्वांना पाठवा' असं लिहिलंय."

मला हसू आले; पण ते ओठांवरच विरले. कारण असाच एक निरोप मीही एकदा सर्वांना पाठवला होता. मोबाइलवरून नव्हे, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, उभ्या शाळेसमोर.

ही गोष्ट २००४ सालच्या हिवाळ्यातली. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी पाटी घेऊन बसत असे. पाटीत पेरू, बोरे, आवळे असत. मधल्या सुटीची घंटा झाली की मुलांचा घोळका तिच्याभोवती जमे. त्या वर्षी गावात खोकल्याची साथ आली. शिकवण्याचा आवाज खोकल्याच्या आवाजात बुडून जाऊ लागला. पेरू खाल्ला की खोकला होतो, हे मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आलो होतो. आईने ते तिच्या आईकडून ऐकले असावे. मला अधिक पुरावा नको होता. प्रार्थना संपताच मी मुलांना बजावले, "आजपासून पेरू, बोरे, आवळे बंद!" आणि फाटकाशी जाऊन म्हातारीलाही उठवले. तिने वाद घातला नाही. "माझी नातवंडं ह्याच पेरूंवर वाढली, सर," एवढेच ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली.

खोकला काही त्यामुळे थांबला नाही. तो आपल्या मुदतीने आला होता, आपल्या मुदतीनेच गेला. पण ते माझ्या ध्यानातही आले नाही. आपला शब्द मुले पाळतात, ह्याच समाधानात मी होतो.

फेब्रुवारीत शाळेत आरोग्यतपासणी झाली. सातवीतल्या एका मुलीच्या हिरड्या सुजल्या होत्या. दात घासताना रक्त येत असे. डॉक्टरांनी तिला रोजचे खाणे विचारले. भाकरी, पिठले, चटणी. "आणि फळ?" "आधी रोज पेरू खायची." "मग सोडलास का?" तिने माझ्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि पुटपुटली, "सरांनी सांगितलं म्हणून."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हिच्या घरी भाजी रोज शिजत नाही. हिला 'क' जीवनसत्त्व मिळत होतं ते त्या पाटीतून. संत्र्याच्या जवळजवळ चौपट ते पेरूत असतं. खोकल्याची साथ पसरते ती विषाणूंमुळे. पेरू थंडीत पिकतो, खोकलाही थंडीत येतो. एकाच एस्टीतून उतरलेली दोन माणसं काही सख्खे भाऊ ठरत नाहीत!"

त्या एका वाक्याने माझा सारा युक्तिवाद कोसळला. मला जेम्स लिंडची आठवण झाली. १७४७ साली ह्या ब्रिटिश आरमारातील वैद्याने हिरड्यांतून रक्त येणाऱ्या, अंगातली शक्ती गेलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते आठवड्याच्या आत हिंडूफिरू लागले. लिंडने नुसते ऐकले नव्हते, ताडून पाहिले होते. ही कथा मी वर्गात कितीदा तरी सांगितली होती. पण फाटकाशी उभा राहिलो तेव्हा ती वर्गातच राहिली होती!

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "मी तुम्हांला चुकीचे सांगितले." म्हातारीच्या घरी जाऊन तिचीही क्षमा मागितली. ती परत आली. त्या मुलीच्या हिरड्याही डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि तिच्या पेरूंनी पुढे बऱ्या झाल्या. पण कितीतरी मुले पुढच्या हिवाळ्यापर्यंत पेरू हातात घेऊन कचरत. चुकीचे सांगायला मला एक सकाळ पुरली होती. ते पुसायला वर्ष लागले.

मग फळ कधी बाधतच नाही काय? तसेही नाही. बिहारमधील मुझफ्फरपूर भागात लिचीच्या हंगामात लहान मुले पहाटे एकाएकी आजारी पडत. २०१४ साली तेथे ३९० मुले रुग्णालयांत आली आणि त्यांतील १२२ दगावली. कोणी उन्हाला दोष दिला, कोणी कीटकनाशकाला. शास्त्रज्ञांनी मात्र आजारी मुलांची इतर मुलांशी तुलना केली. दिवसभर लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका अधिक, असे त्यांना आढळले. उपाशी शरीराला जी साखर स्वतःच तयार करावी लागते, तिच्या आड लिचीतील एक द्रव्य येते. त्यांचा सल्ला साधा होता: लिची कमी खाऊ द्या आणि मुलांना रात्री जेवू घाला. फळाच्या दोषामागे रिकामी थाळी लपलेली होती.

हे सारे मी नातीला सांगितले. फळ पोटात कुजत नाही. पोटातील आम्ल आणि पाचकरस त्याला तेवढी सवडच देत नाहीत. फळात साखर असते हे खरे. पण अख्ख्या फळात ती तंतू आणि पाणी ह्यांच्या सोबतीने येते, म्हणून रक्तात सावकाश उतरते. रस गाळला की तंतू चोथ्यात जातात. मधुमेही माणसाने मात्र फळ मोजून खावे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच. शिवाय नुसत्या फळांवर कोणी राहू नये, कारण डाळ-भाकरीचे काम पेरू करीत नाही.

"मग मी किती खायचं?" तिने विचारले.

"दिवसाला साधारण १०० ग्रॅम. म्हणजे मध्यम आकाराचा एक पेरू. आणि जेवण सोडून नव्हे."

तिने एक फोड उचलली, तोंडाशी नेली आणि मध्येच थांबली. "पण आजोबा, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

मी क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिलो. त्या सकाळी प्रार्थनेच्या रांगेतून एकाने जरी मला हा प्रश्न विचारला असता, तर! मी उठलो आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ सालची आहारविषयक पुस्तिका कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ते पान दोनदा वाचले.

मग बशी रिकामी व्हायला वेळ लागला नाही.