कबर उकरण्यापेक्षा नवा वुल्वरिन बरा

परवा जेवताना चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, ह्यू जॅकमननंतर वुल्वरिन कोण करणार?"

मी म्हटलं, "कुणीही करो. पण आता दुसऱ्या कुणीतरी करावा."

झालं! पोरगं जेवण सोडून माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मी घरातला कुत्रा विकायला काढलाय. "जॅकमनशिवाय वुल्वरिन? काहीही काय बाबा!" त्याची आईसुद्धा त्याच्याच बाजूने. तेव्हा माझी बाजू इथे मांडतो. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तर वाचा. 'लोगन' आणि 'डेडपूल अँड वुल्वरिन' अजून पाहिले नसतील तर आधी ते बघा, कारण पुढे दोन्हींची गोष्ट फुटणार आहे.

आधी एक गंमत. कॉमिक्समधला वुल्वरिन बुटका आहे, पाच फूट तीन इंच. जॅकमन सव्वासहा फुटांच्या आसपास. २००० साली पहिला 'एक्स-मेन' आला तेव्हा कॉमिक्सचे जुने वाचक यावरच कुरकुरत होते. त्यात तो पहिली पसंतीही नव्हता. भूमिका ठरली होती डग्रे स्कॉटची. 'मिशन इम्पॉसिबल २'चं शूटिंग लांबलं, स्कॉट अडकला आणि ऐनवेळी हा फारसा कुणाला माहीत नसलेला ऑस्ट्रेलियन नट आत आला. म्हणजे आज ज्याच्याशिवाय वुल्वरिन होऊच शकत नाही म्हणतो, तो स्वतःच बदली खेळाडू होता. उंची चुकलेला, उशिरा आलेला. तो आपला झाला, कारण त्याला संधी आणि वेळ मिळाला.

मी तो सिनेमा नंतर केबलवर हिंदीत पाहिला. तेव्हापासून मीही त्याचाच. त्यामुळे हे लिहिणारा माणूस पार्टीबाहेरचा नाही, हे लक्षात घ्या.

आता वयाचं बघू. जॅकमनचा जन्म १२ ऑक्टोबर १९६८चा. पहिल्या सिनेमात तो एकतीस वर्षांचा, २०१७च्या 'लोगन'मध्ये अठ्ठेचाळीसचा, २०२४च्या 'डेडपूल अँड वुल्वरिन'मध्ये पंचावन्नचा. वुल्वरिनची जखम आपोआप भरते, तो म्हातारा होतो तेही अगदी सावकाश. नटाचं तसं नसतं. शर्ट काढायच्या सीनआधी शिरा दिसाव्यात म्हणून पाणी तोडायचं, तेही दिवस-दिवस, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. तिशीत ते ठीक म्हणू. पंचावन्नाव्या वर्षी तसं शरीर बनवलेला माणूस पडद्यावर बघताना मी शिट्टी वाजवली, हे खरं. घरी येऊन मात्र जिना चढताना स्वतःचे गुडघे वाजले तेव्हा जरा विचार आला, की आपण नेमकी कशाला शिट्टी वाजवली?

'लोगन' मी २०१७च्या मार्चमध्ये एकट्याने पाहिला होता. त्यात चार्ल्स झेवियर नव्वदीत पोचलाय, मेंदू साथ देत नाही. लोगन त्याला गोळ्या देतो, उचलून नेतो, चिडतो, परत गोळ्या देतो. मी थिएटरात रडलो. कारण घरी तेच चाललं होतं.

आमचं सांगलीत भांड्यांचं दुकान. अण्णांचं अक्षर म्हणजे मोती. भांड्यावर नाव घालायचं तर अण्णांनीच. रुखवताची भांडी घेणारे लोक मला विचारायचे, "अण्णा आहेत ना? मग थांबतो." त्या वर्षी अण्णांना विसरायला होऊ लागलं होतं, हातही थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, आता आराम. पण मी त्यांना गल्ल्यावर बसवतच राहिलो. लोकांना सांगायचो, "त्यांना घरी करमत नाही." खरं कारण असं, की गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे बघून यायचं.

एकदा एका नवरीच्या कळशीवर त्यांनी माझ्या आत्याचं नाव घातलं. आत्याचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती. मुलीचे वडील भले, काही बोलले नाहीत. मी दुसरी कळशी काढून दिली. अण्णांनी त्या कळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मशीनचं बटण स्वतःच बंद केलं. परत हात लावला नाही. थांबवायला मी हवं होतं, थांबले ते.

म्हणून 'लोगन'चा शेवट मला सिनेमाचा शेवट वाटलाच नाही. लोगन मरतो. लहानगी लॉरा त्याच्या कबरीवरचा क्रूस उचलून आडवा करते, त्याचा 'एक्स' होतो. पुढच्या पिढीकडे काम गेलं. इतका नीट निरोप सुपरहिरोंच्या सिनेमात क्वचितच कुणाला मिळाला असेल.

मग सात वर्षांनी काय झालं? 'डेडपूल अँड वुल्वरिन'च्या पहिल्याच प्रसंगात डेडपूल ती कबर उकरतो. सांगाडा बाहेर काढतो आणि त्याच हाडांनी मारामारी करतो. थिएटर हसून लोटपोट. मीही. जगभरात त्या सिनेमाने १३० कोटी डॉलरहून जास्त कमावले. दुसऱ्या विश्वातला वुल्वरिन आणला, चेहरा तोच. वाढलेली लॉराही येते, पण पाहुणी म्हणून. जिच्या हातात काम दिलं होतं ती बाजूला आणि ज्याला निरोप दिला तो मध्यभागी! स्टुडिओला शिव्या घालणं सोपं आहे. पण स्टुडिओ गल्ल्याकडे बघतो आणि गल्ला आपण भरतो.

आता बदलीचं बघा. ब्रूस बॅनर २००३ साली एरिक बाना, २००८ साली एडवर्ड नॉर्टन, २०१२पासून मार्क रफालो. कुणाचं काही अडलं? बॅटमन कीटनपासून पॅटिन्सनपर्यंत किती हातांतून गेला! एक्स-मेनमध्येच दोन्ही रस्ते वापरून झालेत. २००६च्या सिनेमात सुरुवातीला पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅककेलन यांचे चेहरे संगणकावर तरुण केले होते. २०११ साली मात्र सरळ जेम्स मॅकअवॉय आणि मायकेल फासबेंडर घेतले. यातलं लोकांच्या मनात काय राहिलं ते सांगायला नको. आणि म्हाताऱ्यांचंही काही गेलं नाही, 'लोगन'मधला झेवियर हे स्टुअर्टचं त्या मालिकेतलं सगळ्यात मोठं काम.

आपल्याला तर हे नवीन नाहीच. 'नटसम्राट' १९७० साली डॉ. लागूंनी उभं केलं. नंतर दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं. लोक वाद घालत राहिले की कुणाचे बेलवलकर भारी. पण नाटक जिवंत राहिलं ते त्यामुळेच. भूमिका एका माणसाच्या मालकीची झाली की ती त्याच्याबरोबरच संपते.

नट बदलायचा नाही असं एकदा ठरलं की पुढे काय होतं, तेही दिसलंय. २०२३च्या 'द फ्लॅश'मध्ये ख्रिस्तोफर रीव्हचा संगणकावर केलेला सुपरमॅन दाखवला. रीव्ह २००४ साली गेले. त्यांना कोण विचारणार होतं? त्याच वर्षी हॉलिवूडचे कलाकार ११८ दिवस संपावर होते. आपल्या चेहऱ्याची डिजिटल प्रत वापरायची तर आमची संमती आणि मोबदला हवा, ही त्यातली एक मोठी मागणी होती आणि करारात त्याबद्दलचे नियम आले. जॅकमनसारख्याकडे वकील आहेत, ना म्हणायची ताकद आहे. पण 'चेहरा तोच पाहिजे' हा आपला हट्ट जितका वाढेल, तितका माणसापेक्षा त्याचा चेहरा महाग होणार.

याचा अर्थ म्हाताऱ्या नटांना घरी बसवा असा अजिबात नाही. म्हातारा वुल्वरिन लिहा, जॅकमनलाच द्या, मी पहिल्या दिवशी तिकीट काढतो. तरुण वुल्वरिन मात्र तरुणाला द्या. बुटका मिळाला तर फारच उत्तम, कॉमिक्सवाल्यांची पंचवीस वर्षांची तक्रार मिटेल! २०२४च्याच सिनेमात काही सेकंद हेन्री कॅव्हिल वुल्वरिन म्हणून दिसतो. थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. म्हणजे आपण तयार आहोत, फक्त कबूल करत नाही.

अण्णा २०१९ला गेले. दुकानात नाव आता माझी पुतणी घालते. तिचं अक्षर अण्णांसारखं नाही, जरा तिरकं आहे. पहिले सहा महिने जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. परवा एक बाई येऊन विचारत होत्या, "ती मुलगी आहे ना? मग थांबते."

चिरंजीवांना हे सगळं सांगितलं. म्हणाला, "ठीक आहे बाबा, पण नवावाला फालतू निघाला तर?"

निघेलही. तेव्हा शिव्या देऊ. पण आधी त्याला मशीनला हात तर लावू द्या.